बारा नंबरचं कोरडं तोंड

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत नाकाला हात लावायला सक्त मनाई होती. शिंक आली तर जिना उतरून खाली जायचं, सर्दी झाली असेल तर त्या दिवशी वर यायचंच नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, हे पेशंट येण्याच्या तासभर आधी ठरवायचं आणि मग जीव गुदमरला तरी तिला हात लावायचा नाही. अत्तर, सुगंधी पावडर, खोकल्याची गोळी, काहीही चालणार नाही. असे एकूण चौदा नियम एका कागदावर छापून ती खोली सांभाळणाऱ्या बाईंनी स्टाफच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते, आणि त्यावरूनच सगळे त्यांना पाठीमागे फर्मानबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. नावं काय ठेवायची ती ठेवा, पण नाकाला हात लावू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नियम काही हौसेने केलेले नव्हते. त्या खोलीत येणाऱ्या माणसांचा आजारच तसा होता. आपल्या तोंडाला किंवा अंगाला घाण वास येतो, अशी त्यांची पक्की खात्री असे. वास मुळीच नसे. पण रांगेत पुढच्याने मान फिरवली, दुकानदाराने पंखा लावला, शेजारणीने नाक खाजवलं, की यांना पुरावा मिळाला. पुस्तकात त्याला ऑल्फॅक्टरी रेफरन्स सिंड्रोम असं जिभेला गाठ मारणारं नाव आहे. बाई नुसतं 'वासाचा आजार' म्हणत. या लोकांना 'अहो, वास येत नाही' असं सांगणंसुद्धा फुकट असतं. त्यांना वाटतं, बिचारी सभ्य आहे म्हणून बोलते. म्हणून नववा नियम असा होता की वास येतो किंवा येत नाही, याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही.

आजार दुर्मीळ, आणि त्यावर काय चालतं हे कुणाला धड माहीत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात एक जुनं औषध होतं. रेणूत तीन कडी असलेली ट्रायसायक्लिक औषधं उदासीवर एके काळी सर्रास देत, त्यांतलंच हे एक. पुढे नवी औषधं आली आणि ते मागे पडलं. वासाच्या आजारावर ते लागू पडेल असं मोठ्या डॉक्टरांना वाटत होतं, पण वाटून काय उपयोग, सिद्ध करावं लागतं. मग चाचणी ठरली. बारा पेशंट, प्रत्येकी बारा आठवडे. सहा जणांच्या कॅप्सूलमध्ये खरं औषध, सहा जणांच्या खोटं. कोणाला काय मिळालं हे ना पेशंटला कळणार, ना डॉक्टरांना, ना बाईंना. ते फक्त तळमजल्यावरच्या फार्मासिस्टला माहीत, आणि त्याने ते लिहून पाकीट मोहोरबंद केलेलं. मंजुरी देणाऱ्या समितीने बजावलं होतं की बारा म्हणजे बारा, अकरा जणांवर निष्कर्ष काढलेला चालणार नाही.

कागदावर हे फार सोपं दिसत होतं. प्रत्यक्षात बारा माणसं मिळवता मिळवता बाईंना दोन वर्षं आठ महिने लागले. कारण असा पेशंट मनाच्या डॉक्टरकडे येतच नाही. त्याच्या मते त्याच्या मनाला काही झालेलंच नसतं, घोटाळा तोंडाचा असतो. तो जातो डेंटिस्टकडे, मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे, मग पोटाच्या. बाई मग गावातल्या झाडून सगळ्या डेंटिस्टांचे जिने चढल्या, त्यांच्या रिसेप्शनवरच्या मुलींना चिठ्ठ्या देऊन आल्या. एका डेंटिस्टने त्यांना दात विकायला आलेली एजंट समजून पाऊण तास बसवून ठेवलं होतं.

आणि महत्प्रयासाने मिळालेला पेशंट टिकवणं हे आणखी वेगळंच. सात नंबर येणार त्या दिवशी सफाईवाल्या मावशींनी प्रेमाने फरशीवर लिंबाच्या वासाचं फिनेल ओतलं. सात नंबर दारात आली, तिने खोल श्वास घेतला, म्हणाली, "माझ्यासाठी एवढं करायला नको होतं," आणि तशीच परत गेली. तिला परत आणायला बाईंनी दोन आठवडे घातले. मोठ्या डॉक्टरांची तऱ्हा आणखी निराळी. विचार करताना नाकाचा शेंडा चोळायची त्यांची तीस वर्षांची सवय, आणि पेशंट समोर बसला की ते विचारच करत. बाईंनी शेवटी त्यांच्या दोन्ही हातांत जाडजूड फाईल द्यायला सुरुवात केली. एवढा नावाजलेला माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा दोन्ही हातांनी फाईल धरून बसे. बाईंना त्यांची दया येत नसे.

बारा नंबर आला तो अशा सगळ्या वैतागाने बाईंचं डोकं आधीच उठलेलं असताना. अकरा जणांचं सगळं पार पडलं होतं, आता घोडं अडलं होतं ते या एकट्यावर.

तो केस कापणारा कारागीर होता. चांगलं चाललेलं दुकान, दोन खुर्च्या, मोठे आरसे. पाच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची दाढी करताना त्या गिऱ्हाइकाने तोंड बाजूला फिरवलं. माणूस दाढी करताना तोंड फिरवणारच, नाहीतर दुसरा गाल कसा करणार? पण ते याच्या मनात रुतून बसलं. आधी तो श्वास धरून काम करू लागला. मग तोंडाला पट्टी. मग सकाळपासून उपाशी, म्हणजे वास कमी येईल. दोन धडधाकट दाढा त्याने काढून घेतल्या. शेवटी तीन वर्षांपूर्वी शटर खाली ओढलं ते ओढलंच. घर बायकोच्या शिवणकामावर चालत होतं. चौथ्या डेंटिस्टने दाढ काढायला नकार दिला आणि सुदैवाने त्याला बाईंची चिठ्ठी आठवली.

दर गुरुवारी अकरा वाजता तो यायचा. खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे ओढायचा, किंवा बसायचाच नाही, दारात उभा राहायचा. तोंडावर घडी केलेला रुमाल. त्या रुमालातून तो काय बोलतो ते बाईंना निम्मं कळायचं नाही, आणि 'जरा मोठ्याने बोला' म्हणायची सोय नव्हती, कारण मोठ्याने बोललं की जास्त हवा बाहेर पडते, असा त्याचा हिशेब. बाई प्रश्नावली वाचायच्या, तो बोटांनी आकडे दाखवायचा. चाळिसांपैकी जितके जास्त गुण तितका आजार मोठा. याचे चौतीस होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला संमतिपत्र वाचून दाखवलं होतं, नऊ पानं, शब्द न् शब्द. हे त्या प्रत्येकाला वाचून दाखवत, आणि इतक्यांदा वाचून त्यांना ते असं पाठ झालं होतं की वाचताना त्या मनात बाजारहाटाची यादी करू शकत.

तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं की टेबलावरचं पाणी बारा नंबर संपवतो. एक ग्लास, दोन, तीन. रुमाल क्षणभर बाजूला, गटागट पाणी, पुन्हा रुमाल. बाई मनातल्या मनात खूश झाल्या. ही जुनी औषधं तोंड कोरडं पाडतात, हे त्यांना वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं. कोण किती पाणी पितो यावरून कोणाच्या पोटात काय आहे, हे त्यांनी आत्तापर्यंत प्रत्येकाबाबत मनाशी ठरवून टाकलं होतं. बोलल्या कधी नाहीत, पण मोहोरबंद पाकिटाचं त्यांना मनात हसू येई.

पाचव्या गुरुवारी बारा नंबर दारातूनच म्हणाला की आपण हे थांबवतोय. कॅप्सूलची बाटली त्याने हात लांब करून टेबलाच्या कडेला ठेवली.

बाईंनी कारण विचारलं. कारण त्याने नीट, मुद्देसूद दिलं, आणि तेच बाईंच्या डोक्यात गेलं. तोंड कोरडं पडतंय. जीभ टाळ्याला चिकटते, रात्री तीनदा उठून पाणी प्यावं लागतं. आणि तोंड कोरडं पडलं की वास वाढतो, हे त्याला चारही डेंटिस्टांनी सांगितलेलं. म्हणजे आधी होता त्याच्या दुप्पट वास आता येत असणार. काल बायको स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेली.

आता यावर काय बोलणार? तोंड कोरडं पडलं की वास येतो, हे खरंच होतं. अख्ख्या जगातले दात घासायचे सल्ले तेच सांगतात. वासाचं वेड घेतलेल्या माणसाला वास येईल असं औषध द्यायचं, ही कल्पना ज्याला सुचली तो खाली बाह्यरुग्ण विभागात निवांत बसला होता. बाई तरातरा जिना उतरून खाली गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाजूला फाईल नव्हती, त्यामुळे नाक चोळलं. म्हणाले, त्याची मर्जी असेल तर त्याला जाऊ द्यावं लागेल, तो त्याचा हक्क आहे. समजावून बघा, पण औषधाबद्दल अक्षर बोलू नका.

"औषधाबद्दल न बोलता मी त्याला काय समजावू? हवापाण्याबद्दल बोलू?" बाईंनी विचारलं. मोठे डॉक्टर नुसते हसले. शांत माणसांचा बाईंना अशा वेळी फार राग येई.

त्या वर आल्या. बारा नंबर अजून दारातच होता, भला माणूस, निरोप घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणून थांबलेला. बाईंनी त्याला बायकोची आठवण करून दिली, दुकानाची आठवण करून दिली. तो मान हलवत राहिला. सात आठवडे राहिलेत फक्त, असं त्या म्हणाल्या, तर त्याने रुमालाआडून विचारलं की सात आठवडे घरात कोण राहील माझ्याबरोबर. मग त्याने नमस्कार केला आणि वळला. बाईंना दिसलं की हा आत्ता गेला की पुन्हा घराबाहेर पडणार नाही. ते शटर कायमचं खाली. आणि केवढ्यासाठी, तर हातात खरं औषध असताना, ते लागू पडायला लागलेलं असताना, नेमक्या त्याच खुणेला घाबरून हा पळतोय. दोन वर्षं आठ महिन्यांचा सगळा वैताग बाहेर पडला.

"इकडे या भाऊ," त्या म्हणाल्या. "दार लावा. तोंड कोरडं का पडतं माहितेय? खऱ्या औषधाने पडतं. खोट्याने पडत नाही. तुमच्या नशिबाने तुम्हाला खरं मिळालंय. आता उचला ती बाटली आणि सात आठवडे मला काही ऐकवू नका."

त्याने बाटली उचलून बघितली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आतून सुकवतंय ते. वास जिथून येतो तिथलंच."

बाई असं काही म्हणाल्याच नव्हत्या. पण त्याने बाटली खिशात घातली होती. त्याला काय समजायचं ते समजू दे, असं म्हणून बाईंनी मूग गिळले आणि त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं की पेशंटची समजूत घातली.

सहाव्या आठवड्यात तो खुर्चीत बसला. आठव्या आठवड्यात रुमाल तोंडावर नव्हता, हातात होता. कोरड पडली की उलट बरं वाटतं, असं त्याने हसून सांगितलं, म्हणजे काम चालू आहे. दहाव्या आठवड्यात त्याने शटर उघडून मेव्हण्याचे केस कापले आणि मेव्हणा पूर्ण वेळ बडबडत होता, त्याने तोंडसुद्धा फिरवलं नाही, हे त्याने बाईंना दोनदा सांगितलं. बाराव्या आठवड्यात प्रश्नावलीचे गुण नऊ झाले. चौतिसांवरून नऊ. बाईंना तर घरी जाताना वाटेत गुणगुणावंसं वाटलं, आणि तसं त्यांना सहसा वाटत नसे. केलेल्या चुकीची टोचणी होती, नाही असं नाही. पण त्या टोचणीला त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं की माणूस उभा राहिला ना, मग झालं.

पाकीट उघडायचं ठरलं त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चौघं जमली. मोठे डॉक्टर, बाई, फार्मासिस्ट आणि आकडेवारी बघणारा एक सडपातळ माणूस, ज्याला बाई मनात 'टक्केवारी' म्हणत. टक्केवारीने पाकीट फोडलं आणि एकेक नंबर वाचू लागला. एक, खरं. दोन, खोटं. बाई मनातल्या यादीशी ताडून बघत होत्या. तीन नंबरला त्यांचा अंदाज चुकला. पाचला पुन्हा चुकला. आठ नंबर, खरं म्हणून त्यांनी पैज लावली असती, निघाला खोटा. मग टक्केवारी तितक्याच सपाट आवाजात म्हणाला, "बारा. खोटं."

"अशक्य," बाई म्हणाल्या. "पुन्हा बघा. त्याचं तोंड कोरडं पडलं होतं."

"पडणारच," फार्मासिस्ट म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान होतं. "खोट्या कॅप्सूलमध्येही तोंड कोरडं पाडणारं चिमूटभर काहीतरी घातलंय. नाहीतर कोण काय घेतंय ते चार दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. मुद्दामच बाहेर बोललो नाही. पण संमतिपत्रात आहे ते, सहाव्या पानावर."

होतं. सहाव्या पानावर, खालून तिसरी ओळ, दोहोंपैकी कोणत्याही कॅप्सूलने तोंडास कोरड पडू शकते. बाईंनी ती ओळ बारा माणसांना मोठ्याने वाचून दाखवली होती. वकिलांनी घातलेलं काहीतरी असणार, म्हणून कधी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या नाकांवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडतंय ते ऐकलं नाही. कपाळावर हात मारून घ्यायचीही त्यांना लाज वाटली.

त्या इतक्या ठामपणे 'अशक्य' का म्हणाल्या, हे मोठ्या डॉक्टरांनी विचारलंच. बाईंनी सांगितलं. सगळं, त्या दिवशी बोलल्या ते शब्दही. लपवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, सात आठवडे लपवलं तेच अति झालं होतं. टक्केवारीने पेन्सिलने बारा नंबरवर रेघ मारली. ज्याला आपण खरं औषध घेतोय असं सांगितलंय, त्याचे गुण कुठेच धरता येत नाहीत. राहिले अकरा. खरं औषध घेतलेल्या सहांपैकी चौघांना चांगला गुण आला होता, खोटं घेतलेल्या पाचांपैकी कुणालाच नाही, म्हणजे औषध बहुधा चांगलं होतं. पण समितीला बारा हवे होते. आता हे सगळं 'अपूर्ण' असा शिक्का घेऊन कपाटात जाणार होतं, किंवा पहिल्यापासून पुन्हा, पुन्हा डेंटिस्टांचे जिने. मोठे डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बाई, मीही त्या दिवशी वर यायला हवं होतं."

एक काम मात्र राहिलं होतं. चाचणी संपली की कोणाला काय मिळालं ते प्रत्येकाला समोरासमोर सांगायचं, असा नियम होता, आणि तो बाईंनी केलेला नव्हता. बारा नंबरला मी सांगतो, असं मोठे डॉक्टर म्हणाले. बाईंनी साफ नकार दिला. मोठ्या डॉक्टरांनी मग बजावलं की त्याला म्हणावं, आता खरं औषध देता येईल, हवं असेल तर उद्यापासून. त्याची गरज पडेल असं त्यांना वाटत होतं. पाच वर्षांचा आजार, खोट्या कॅप्सूलवर आणि एका वाक्यावर उभा राहिलेला. ते वाक्य काढून घेतलं की काय होईल, हे सांगायला पुस्तक उघडावं लागत नाही.

बाईंनी फोन केला आणि गुरुवारी अकरा वाजता या म्हणून सांगितलं. तर बारा नंबर म्हणाला, गुरुवारी जमायचं नाही ताई, दुकानात गर्दी असते. तुम्हीच या ना. कॅप्सूल संपून दोन आठवडे झाले, पुढच्या कधी मिळतील तेही बोलू.

दुकान एका बोळाच्या तोंडाशी होतं. बाई गेल्या तेव्हा तो काम करत होता. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा फिरवता फिरवता तो त्याच्या गालापाशी वाकून बोलत होता, घराच्या गळक्या नळाबद्दल काहीतरी, आणि म्हातारा हसत होता. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर. बाई बाकावर बसल्या. परत फिरावं, अहवाल पाठवून द्यावा पोस्टाने, असं त्यांच्या मनात दोनदा आलं. हा माणूस बरा आहे, याला काय सांगायला आलोय आपण, आणि कशासाठी, तर कुठल्याशा कागदावर 'सांगितले' अशी खूण करायची म्हणून? पण न सांगावं तर तो उद्यापासून जन्मभर त्या खोट्या कॅप्सूल मागत राहणार, आणि कोण देणार त्याला? म्हाताऱ्याचं उरकलं. बारा नंबरने त्याच्या अंगावरचं कापड झटकलं, त्याला पोहोचवलं, आणि शटर अर्धं खाली ओढून बाईंसाठी खुर्ची पुसली.

बाईंनी बसून घेतलं आणि एका दमात सांगितलं. पाकिटात काय निघालं. तोंड का कोरडं पडलं. आपण त्या दिवशी बोललो ते चूक होतं, आणि बोलायला नको होतं. खरं औषध आता मिळेल, मोठ्या डॉक्टरांनी कबूल केलंय.

तो हातातला कंगवा बोटांनी साफ करत ऐकत होता. ऐकून झाल्यावरही करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्याने काही सुकवलं नाही."

"नाही."

"मग वास गेला कशाने?"

बाईंना नववा नियम आठवला. बारा आठवडे तो पाळला होता, अगदी चुकीचं बोलल्या त्या दिवशीही पाळला होता. "गेला नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "नव्हताच. एक दिवससुद्धा नव्हता."

आता हा रुमाल काढेल, असं बाईंना वाटलं. त्यांची नजर त्याच्या खिशाकडे गेली. पण त्याने रुमाल काढला नाही. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, आरशाकडे पाठ करून. बाईंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, आणि त्याने तोंड फिरवलं नाही. त्याने विश्वास ठेवला होता. एवढं सगळं झाल्यावर, नेमका आत्ता.

"सुरू झालं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती," तो म्हणाला. "मी बाहेरून आलो की धावत यायची मांडीवर बसायला. मी तिला ढकलायचो. एकदा जोरात ढकलली, तिचं डोकं दाराला लागलं. मला वाटायचं, तिला तो वास नको. मोठी झाली की बापाचा वास आठवेल, असं नको. तिच्या भल्याचंच करतोय असं वाटायचं."

कंगवा त्याने मांडीवर ठेवला.

"आता नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात म्हटलं, ये, बस. आता बरा झालोय मी. तर म्हणाली, बाबा, मी काय लहान आहे का. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे. आजारी होतो, इलाज नव्हता. वास होता, म्हणून लांब ठेवलं. एवढं मला पुरत होतं ताई."

बाईंकडे आयुष्यात प्रत्येकाला द्यायला काही ना काही असे, उत्तर, ओरडा, नियम. त्यांनी पर्समधून तो कागद काढला होता, ज्यावर 'पेशंटला सांगितले' असं लिहून त्याची सही घ्यायची होती. तो त्यांनी घडी घालून पुन्हा आत ठेवला. बाहेर कुणीतरी शटरवर टकटक केली, उघडं आहे का म्हणून विचारलं. त्याने ऐकलं नाही असं दिसलं. बाई उठल्या, वाकून शटरखालून बाहेर डोकावल्या, आणि हळू आवाजात त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या की तासाभराने या, मालकांना आत्ता वेळ नाही.